‘तुमचे सेशन संपले आहे’ म्हणजे नेमके काय संपले?

शिष्यवृत्तीचा अर्ज भरता भरता उत्पन्नाचा दाखला स्कॅन करायला तुम्ही उठता. अर्ध्या तासाने परत येऊन ‘सबमिट’ दाबता आणि पडद्यावर एकच ओळ उमटते: तुमचे सेशन संपले आहे, पुन्हा लॉगिन करा. भरलेले सगळे गेले. दुसरीकडे बातमी येते की एखादे मोठे यूट्यूब चॅनल कोणीतरी बळकावले, आणि त्यासाठी चोराला पासवर्ड लागला नाही की ओटीपी. पहिल्या अनुभवाने वैताग येतो, दुसऱ्या बातमीने भीती वाटते. दोन्हींच्या मुळाशी गोष्ट एकच आहे: ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यात सतत ये-जा करणारा एक छोटा क्रमांक.

तो क्रमांक कुठे तयार होतो, किती वेळ जगतो आणि कोणाच्या हाती लागू शकतो, ते इथे पाहू. वापरणाऱ्यांना याचा उपयोग आहेच, पण पहिल्यांदा लॉगिनचे पान लिहायला बसलेल्यांना जास्त आहे. उदाहरणे मुख्यतः पीएचपीची घेतली आहेत, कारण साध्या शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकच सर्व्हर अनेक संकेतस्थळांनी वाटून घेतलेल्या सेवेवर, तीच भाषा सर्रास भेटते.

## सर्व्हरला काहीच आठवत नाही

वेबचा कारभार एचटीटीपी या नियमावलीवर चालतो. ब्राउझर मागणी करतो, सर्व्हर उत्तर देतो, विषय संपतो. पुढची मागणी आली की ती कोणाची, आधी काय बोलणे झाले होते, यातले काहीही सर्व्हरला ठाऊक नसते. सुरुवातीच्या वेबला त्याची गरजही नव्हती. एकमेकांना जोडलेली कागदपत्रे वाचायला द्यायची, तर वाचणाऱ्याला लक्षात कशाला ठेवायचे?

अडचण आली ती दुकान मांडायची वेळ आल्यावर. एका पानावर निवडलेली वस्तू दुसऱ्या पानावर गेले की विसरली जायची. १९९४ साली नेटस्केप कंपनीत लू माँटुली या अभियंत्याने त्यावर तोड काढली. सर्व्हरने ब्राउझरला एक छोटी चिठ्ठी द्यायची आणि ब्राउझरने ती पुढच्या प्रत्येक मागणीसोबत जशीच्या तशी परत दाखवायची. एका प्रोग्रामने दुसऱ्याला दिलेल्या आणि न उघडता परत घेतलेल्या अशा खुणेला युनिक्सवाले ‘मॅजिक कुकी’ म्हणत. त्यावरून हिचे नाव कुकी पडले.

इथे एक प्रश्न हमखास येतो: आयपी पत्त्यावरून माणूस ओळखता येत नाही का? येत नाही. मोबाइल कंपन्या एकाच पत्त्यामागे असंख्य ग्राहक चालवतात, आणि तुम्ही घराचे वायफाय सोडून जिना उतरलात की तुमचा पत्ता बदलतो. आयपीवर विसंबले तर अनोळखी माणसे एक ठरतील आणि एकच माणूस दोन ठरेल.

## चप्पल-स्टँडचा बिल्ला

देवळाबाहेरचा चप्पल-स्टँड आठवा. चपला दिल्या की ४३ नंबरचा बिल्ला हातात येतो. चपला फळीवरच्या ४३ नंबरच्या खणात, बिल्ला तुमच्या खिशात. बिल्ल्यावर तुमचे नाव नसते, चपलेचा रंग नसतो. परत येताना स्टँडवरचा माणूस तुमच्या तोंडाकडे पाहतही नाही. तो बिल्ला पाहतो आणि खणातले जे असेल ते पुढे करतो.

कुकी म्हणजे हा बिल्ला आणि सेशन म्हणजे सर्व्हरवरचा खण. तुम्ही लॉगिन केले आहे, तुमचा ग्राहक क्रमांक अमुक, टोपलीत दोन पुस्तके, हे सगळे खणात राहते. ब्राउझरकडे असतो तो फक्त खणाचा नंबर, म्हणजे सेशन आयडी.

चप्पल-स्टँडचे बिल्ले क्रमाने असतात, वेबवर मात्र तसे चालत नाही. माझा नंबर ४३ असेल तर ४४ लिहून पाहायला कोणालाही एक मिनिट पुरते. म्हणून सेशन आयडी लांबलचक आणि अंदाज न करता येणारा हवा. पीएचपी मुळात ३२ अक्षरांचा आयडी बनवते. प्रत्येक अक्षरात ४ बिट, म्हणजे एकूण १२८ बिट. इतक्या शक्यतांची संख्या ३९ अंकी भरते. ग्राहक क्रमांक, मोबाइल नंबर किंवा घड्याळातली वेळ यांवरून स्वतः आयडी बनवायचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळा, हे काम भाषेवर किंवा फ्रेमवर्कवर, म्हणजे तयार सांगाड्यावरच सोडा.

आणि ते ‘आम्ही कुकी वापरतो, मान्य आहे का?’ असे विचारणारे फलक? त्यांचा रोख मुख्यतः जाहिरातवाल्यांच्या कुकींवर असतो. एका संकेतस्थळावर असताना तिसऱ्याच कंपनीने दिलेला बिल्ला तुम्ही कुठे कुठे हिंडता याची नोंद ठेवतो. लॉगिनची कुकी त्या जातीची नाही. तिच्याविना खाते उघडे राहणारच नाही. कुकी हा केवळ मजकूर आहे, प्रोग्राम नव्हे, त्यामुळे तिच्यातून व्हायरस येत नाही.

## पहिल्या मागणीत काय घडते

पीएचपीत पानाच्या सुरुवातीला सेशन_स्टार्ट() लिहिले की तीन गोष्टी होतात. आलेल्या मागणीत ‘पीएचपीसेसआयडी’ नावाची कुकी आहे का, हे पाहिले जाते. असेल तर त्या आयडीची फाइल उघडून आतला मजकूर सेशनच्या अ‍ॅरेमध्ये, म्हणजे नावानिशी मूल्ये ठेवणाऱ्या यादीत, भरला जातो. नसेल तर नवा आयडी बनतो आणि उत्तरासोबत ‘सेट-कुकी’ नावाचा हेडर जातो. पुढच्या मागणीपासून ब्राउझर ती कुकी आपणहून जोडू लागतो.

हेडर म्हणजे पाकिटावरचा पत्ता आणि पान म्हणजे आतले पत्र. पत्र पोस्टात पडल्यावर पाकिटावर काही लिहिता येत नाही. नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळणारी ‘हेडर्स ऑलरेडी सेंट’ ही सूचना नेमके हेच सांगत असते: कुकी पाठवायच्या आधीच पानातला मजकूर बाहेर पडला आहे. पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी एखादी रिकामी ओळ राहिलेली असते, किंवा जोडलेल्या एखाद्या फाइलच्या शेवटच्या खुणेनंतर मोकळी जागा असते. कधी डोळ्यांना काहीच दिसत नाही. तेव्हा फाइल ‘यूटीएफ-८ विथ बॉम’ या प्रकारात साठवलेली असते आणि सुरुवातीला ३ अदृश्य बाइट बसलेले असतात. जुन्या विंडोजच्या नोटपॅडमधून मराठी मजकूर साठवताना हा घोळ पुष्कळदा व्हायचा. एडिटरमध्ये बॉमविना यूटीएफ-८ निवडा. शुद्ध पीएचपीच्या फायलींत शेवटची खूण लिहूच नका.

घरच्या संगणकावर चालणारे पान होस्टिंगवर बिघडते, याचे कारणही इथेच सापडते. आउटपुट बफरिंग चालू असेल तर पहिले ४०९६ बाइट थोपवून ठेवले जातात आणि चूक झाकली जाते. दुसरीकडे ते बंद असेल तर तीच चूक उघडी पडते.

आणखी एक ठेच ठरलेली आहे. सेटकुकी() लिहिल्यावर पुढच्याच ओळीत ती कुकी वाचायला गेलात तर ती रिकामी मिळेल. ती अजून ब्राउझरकडे जायची आहे. परत येईल ती पुढच्या मागणीत.

## सगळे कुकीतच ठेवले तर?

मूळ कल्पना खरे तर तशीच होती. नेटस्केपच्या ज्या ग्राहक कंपनीसाठी ही सोय झाली, तिला अर्धवट व्यवहारांची नोंद आपल्या सर्व्हरवर ठेवायची नव्हती. टोपली ग्राहकाच्याच संगणकावर राहावी, असा विचार होता.

पहिली अडचण आकाराची. एका कुकीसाठी ४०९६ बाइट ही ब्राउझरांची सर्वसाधारण मर्यादा आहे. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते आणि कुकीत घालण्यासाठी टक्केचिन्हांत बदलले की त्याचे ९ होतात. म्हणजे साडेचारशे अक्षरांत जागा संपली. शिवाय हा सगळा ऐवज प्रत्येक चित्राच्या, प्रत्येक फाइलच्या मागणीसोबत पुन्हा पुन्हा वर चढतो.

दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. कुकी वापरणाऱ्याच्या ताब्यात असते, आणि ती ब्राउझरमध्ये उघडून बदलता येते. ‘भूमिका=ग्राहक’ असे कुकीत लिहिलेत तर कोणीतरी ते ‘भूमिका=व्यवस्थापक’ करून पाहणारच. किमती, सवलती, भूमिका, ग्राहक क्रमांक यांपैकी काहीही उघड्या कुकीत ठेवून त्यावर विश्वास ठेवू नये.

यावर सही-शिक्क्याचा उपाय आहे. सर्व्हर मजकुरासोबत गुप्त किल्लीने काढलेली सही जोडतो, मजकूर बदलला की सही जुळत नाही. पायथनमधल्या फ्लास्क या फ्रेमवर्कचे सेशन मुळात याच रीतीने चालते. मात्र शिक्का मारलेले पाकीट पारदर्शक आहे, हे विसरू नका. बदल पकडला जातो, पण वाचायला कोणालाच अडकाठी नाही.

जेडब्ल्यूटी नावाचे टोकन हे याच कुळातले. ते वापरले की सेशन लागतच नाही, असे सांगितले जाते आणि ते अर्धेच खरे आहे. सही-शिक्क्याची चिठ्ठी एकदा दिली की तिची मुदत संपेपर्यंत ती चालते. मध्येच कोणी लॉगआउट केले, नोकरी सोडली, फोन हरवला, तर ती चिठ्ठी रद्द कशी करणार? रद्द चिठ्ठ्यांची यादी सर्व्हरवर ठेवावी लागते, म्हणजे फिरून सेशनपाशीच आलात. एकमेकांशी बोलणाऱ्या सेवांमध्ये जेडब्ल्यूटी शोभते. ब्राउझरमधल्या साध्या लॉगिनसाठी सर्व्हरवरचे सेशन आणि फक्त आयडीची कुकी हीच रचना सरळ आणि सुरक्षित आहे.

## २४ मिनिटांचे कोडे

पीएचपीत ‘सेशन.जीसी_मॅक्सलाइफटाइम’ नावाची नोंद मुळात १४४० सेकंदांची असते, म्हणजे २४ मिनिटे. इतका वेळ खणाला हात लागला नाही तर तो केराचा समजला जातो. वेब चालवायच्या इतर साधनांपैकी एएसपी डॉट नेटमध्ये हाच काळ २० मिनिटे, टॉमकॅटमध्ये ३० मिनिटे, तर जँगोमध्ये चक्क २ आठवडे आहे.

स्टँडवर झाडलोट करणारा माणूस सतत उभा नसतो. पीएचपीच्या मूळ आकड्यांनुसार साधारण १०० मागण्यांमागे एकदा झाडलोट होते. त्यामुळे गजबजलेल्या संकेतस्थळावर सेशन वेळेवर जाते आणि दिवसाला दहा माणसे येणाऱ्या संकेतस्थळावर तासन्‌तास टिकते. नेमकी मुदत हवी असेल तर या लॉटरीवर राहू नका. शेवटच्या हालचालीची वेळ सेशनमध्ये स्वतः लिहा, प्रत्येक मागणीला तपासा आणि मुदत उलटली असेल तर सेशन मोडा.

शेअर्ड होस्टिंगवर आणखी एक खोच आहे. अनेकांच्या सेशनच्या फायली एकाच फोल्डरमध्ये पडत असतील आणि शेजाऱ्याने आपली मुदत ५ मिनिटे ठेवली असेल, तर त्याची झाडलोट तुमचेही खण रिकामे करते. कमीत कमी मुदत असेल तिचे राज्य. ‘सेशन.सेव्ह_पाथ’ने स्वतःचे फोल्डर द्या, आणि ते वेबवरून उघडणार नाही अशा जागी ठेवा. डेबियन आणि उबंटू या लिनक्स प्रकारांवर मात्र लॉटरी बंद असते आणि दर अर्ध्या तासाने एक क्रॉन जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्राम, झाडून घेतो. कोडमधून जागा बदलली तर त्या जॉबला ती ठाऊक नसते आणि फायली साचत जातात.

कुकीची मुदत ही वेगळीच बाब आहे. अनेक जण कुकी एक दिवसाची करतात आणि तरी अर्ध्या तासात लॉगआउट होते म्हणून डोके धरतात. बिल्ला दिवसभर खिशात राहिला तरी खण रिकामा झाल्यावर त्याचा उपयोग काय? दोन्ही मुदती जुळवाव्या लागतात. उलट बाजूने, मुदत न दिलेली कुकी ब्राउझर बंद होताच जायला हवी. पण ‘आधीची पाने पुन्हा उघडा’ हा पर्याय चालू असेल तर क्रोम आणि फायरफॉक्स ती परत आणतात. सायबर कॅफेत नुसती खिडकी बंद करून उठणे धोक्याचे ते यामुळे.

मग मुदत ठेवायचीच कशाला? न वापरलेले उघडे खाते हे कोणाच्याही हाती लागणारे खाते असते, म्हणून बँकांनी घड्याळ आखूड ठेवणे योग्यच आहे. पण ज्या अर्जासाठी पाच दाखले शोधावे लागतात, तिथे वीस-पंचवीस मिनिटांचे सेशन ठेवणे ही आखणाऱ्याची चूक आहे, भरणाऱ्याची नव्हे. त्यावर उपाय साधा आहे. अर्जाचा मसुदा दर टप्प्याला डेटाबेसमध्ये, अर्जदाराच्या खात्याच्या नावावर साठवा. सेशन संपले तरी पुन्हा लॉगिन केल्यावर माणूस त्याच पानावर, त्याच मजकुरासह परत आला पाहिजे. ग्रामीण भागात नेट दर दहा मिनिटांनी जाते, हे गृहीत धरूनच अर्ज बांधायला हवा.

## पैसे कटले आणि लॉगिन गेले

ग्राहक लॉगिन करतो, वस्तू निवडतो, पेमेंट गेटवेच्या पानावर जातो, बँकेतून पैसे कटतात, आणि परत येताच संकेतस्थळ म्हणते: कृपया लॉगिन करा. हा दोष इतका सार्वत्रिक आहे आणि त्याचे कारण इतके कमी जणांना ठाऊक असते, की थोडे थांबून पाहायला हवे.

कुकीला ‘सेमसाइट’ नावाचा एक गुण जोडता येतो. दुसऱ्या संकेतस्थळावरून सुरू झालेल्या मागणीसोबत ही कुकी न्यायची का, हे तो ठरवतो. ‘स्ट्रिक्ट’ म्हणजे कधीच नाही. ‘लॅक्स’ म्हणजे साध्या दुव्यावर टिचकी मारून आला तर हो, पण बाहेरून फॉर्म धाडून, म्हणजे पोस्ट पद्धतीने आला तर नाही. ‘नन’ म्हणजे नेहमी, आणि त्यासाठी ‘सिक्युअर’ हा गुण सक्तीचा. फेब्रुवारी २०२० मध्ये आलेल्या क्रोम ८० पासून, काहीच न लिहिलेली कुकी लॅक्स धरायला सुरुवात झाली.

अनेक गेटवे ग्राहकाला पोस्ट पद्धतीने परत पाठवतात. लॅक्स कुकी त्यासोबत येत नाही. तुमच्या परतीच्या पानावर सेशन_स्टार्ट() असते, त्याला कुकी दिसत नाही, म्हणून ते नवा आयडी बनवून त्याच नावाची नवी कुकी पाठवते. ब्राउझर जुनी कुकी पुसून नवी ठेवतो. जुना खण सर्व्हरवर सुखरूप असतो, पण त्याचा बिल्ला गेला.

चाचणीत हे का सापडत नाही? सेमसाइट न लिहिलेली कुकी तयार होऊन २ मिनिटे व्हायच्या आत पोस्टने परत आलात, तर क्रोम सवलत देतो. चाचणी करणारा लॉगिन करून झटपट पैसे भरतो आणि सवलतीत बसतो. खरा ग्राहक दहा मिनिटे वस्तू पाहतो, मग ओटीपीची वाट बघतो आणि बाहेर फेकला जातो.

घाईने सेमसाइट ‘नन’ करू नका, त्याने दार सगळ्यांनाच उघडते. परतीच्या पानावर सेशन सुरूच करू नका. गेटवेने पाठवलेली सही तपासा, ऑर्डर क्रमांकावरून डेटाबेसमध्ये नोंद करा आणि ‘दुसऱ्या पानावर जा’ सांगणारा ३०३ हा प्रतिसाद देऊन ग्राहकाला आपल्याच दुसऱ्या पानावर पाठवा. ती मागणी दुव्यावर टिचकी मारल्यासारखी, म्हणजे साधी गेट पद्धतीची असते, तिच्यासोबत लॅक्स कुकी येते आणि जुने सेशन जागेवर सापडते. शिवाय गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला परस्पर कळवेल अशी सोय ठेवा, कारण ग्राहकाचा ब्राउझर परत येईलच असे नाही.

असाच पण सोपा घोळ ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’चा. डोमेन न लिहिलेली कुकी जिथून आली त्याच पत्त्याला परत जाते. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यूसह लॉगिन केले आणि एखादा दुवा त्याविना असला की माणूस अनोळखी ठरतो. सर्व्हरवरूनच सगळ्यांना एकाच पत्त्याकडे वळवा.

## बिल्ला चोरीला गेला तर

ज्याच्या हाती बिल्ला, त्याच्या चपला. पासवर्ड आणि ओटीपी दारावर एकदाच विचारतात, पुढे सगळा भरवसा कुकीवर. त्यामुळे चोराला दारातून यायची गरजच नाही.

ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर याने ‘फायरशीप’ हे फायरफॉक्सचे जोडसाधन प्रसिद्ध केले. एकाच उघड्या वायफायवर बसलेल्या इतरांची फेसबुक, ट्विटरची सेशने ते यादी करून दाखवायचे आणि एका टिचकीत त्या खात्यात शिरता यायचे. लॉगिनचे पान तेवढे एचटीटीपीएसवर, म्हणजे कुलूपबंद मार्गावर, आणि बाकी पाने उघडी, ही तेव्हाची रीत त्याने उघडी पाडली. आज सगळे संकेतस्थळ एचटीटीपीएसवर हवे आणि कुकीला ‘सिक्युअर’ गुण हवा, म्हणजे ती उघड्या मार्गाने जाणारच नाही.

दुसरी वाट पानातून जाते. प्रतिक्रियेच्या चौकटीत कोणी जावास्क्रिप्ट लिहिली आणि तुम्ही ती न गाळता दाखवलीत, तर ती वाचणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये चालते आणि कुकी वाचून बाहेर पाठवू शकते. ‘एचटीटीपीओन्ली’ गुण लावला की जावास्क्रिप्टला ती कुकी दिसत नाही. आयडी ब्राउझरच्या लोकल स्टोरेज या दुसऱ्या साठ्यात ठेवायचा सल्ला बरेच जण देतात. तिथे हे संरक्षणच नाही, म्हणून तो सल्ला मानू नये.

तिसरी वाट फारशी कोणाला सुचत नाही. चोर स्वतःच एक बिल्ला घेतो, त्याचा नंबर टिपतो आणि तो तुमच्या खिशात सरकवतो. तुम्ही त्यावर लॉगिन केलेत की तो नंबर त्याच्याकडेही आहेच. याला सेशन फिक्सेशन म्हणतात. यशस्वी लॉगिननंतर लगेच सेशन_रीजनरेट_आयडी(ट्रू) चालवून नंबर बदला, आणि ‘सेशन.यूज_स्ट्रिक्ट_मोड’ चालू ठेवा, म्हणजे सर्व्हरने न बनवलेला आयडी स्वीकारलाच जाणार नाही.

चौथ्या वाटेत बिल्ला चोरावाच लागत नाही. ब्राउझर कुकी आपणहून जोडतो, याचाच फायदा घेतला जातो. भलत्याच पानावरचा लपलेला फॉर्म तुमच्या बँकेला मागणी धाडतो आणि ब्राउझर भाबडेपणाने तुमचा बिल्ला सोबत देतो. सेमसाइट लॅक्सने हे बरेच थांबते. तरी प्रत्येक फॉर्ममध्ये सेशनशी जुळणारे गुप्त टोकन ठेवा, आणि काही पुसायचे किंवा बदलायचे काम गेट पद्धतीच्या दुव्याने कधीच करू नका.

पण मार्च २०२३ मध्ये ‘लायनस टेक टिप्स’ या यूट्यूब चॅनलचे जे झाले, ते यांपैकी कशानेही टळले नसते. प्रायोजकत्वाच्या प्रस्तावाच्या नावाने आलेली फाइल एका कर्मचाऱ्याने उघडली, आतल्या घातक प्रोग्रामने ब्राउझरमधली सेशने उचलली आणि चॅनल हातचे गेले. ओटीपी विचारायची वेळच आली नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ओक्टा या लॉगिन-सेवा देणाऱ्या कंपनीच्या मदतकक्षातून ग्राहकांच्या नेटवर्क-नोंदीच्या फायली चोरीला गेल्या. त्या फायलींतही जिवंत कुकी होत्या. तक्रारीसोबत अशी फाइल कोणाला पाठवायची वेळ आली तर आधी लॉगआउट करा.

म्हणूनच पासवर्ड बदलणे, नवा खातेदार जोडून पैसे पाठवणे, ईमेल बदलणे अशा कामांपूर्वी पुन्हा पासवर्ड किंवा ओटीपी विचारायला हवा. वापरणाऱ्याला ती कटकट वाटते, पण चोरलेला बिल्ला तिथेच अडतो.

## दोन टॅब, दोन सर्व्हर

एका ब्राउझरच्या सगळ्या टॅबमध्ये बिल्ला एकच असतो. एका टॅबमध्ये पुण्याची गाडी आणि दुसऱ्यात नागपूरची पाहत असाल आणि प्रोग्रामरने ‘सध्याची गाडी’ सेशनमध्ये ठेवली असेल, तर दुसरा टॅब पहिल्याची नोंद खोडतो. पुण्याचे पैसे भरून नागपूरचे तिकीट निघणे असे घडू शकते. ‘बॅक किंवा रिफ्रेश दाबू नका’ या सूचनांचे मूळ बहुधा अशाच रचनेत असते. एका कामापुरती माहिती त्या कामाच्या क्रमांकासह फॉर्ममधून न्यावी, आणि सेशनमध्ये फक्त माणूस कोण ते ठेवावे.

पीएचपीची फाइलवाली सेशने आणखी एका रीतीने अडकवतात. एक मागणी चालू असताना सेशनच्या फाइलला कुलूप असते. ४० सेकंद चालणारा अहवाल एका टॅबमध्ये निघत असेल तर त्याच माणसाचा दुसरा टॅब तितका वेळ गोल फिरत राहतो. सर्व्हर संथ आहे म्हणून मोठे होस्टिंग घेतले जाते, आणि फरक पडत नाही. सेशनमधले हवे ते वाचून झाले की सेशन_राइट_क्लोज() लिहा, कुलूप सुटते.

गर्दी वाढून सर्व्हर दोन झाले की नवीच गंमत सुरू होते. पूर्व दरवाजाच्या स्टँडवर दिलेल्या चपला पश्चिम दरवाजाला कशा मिळणार? एका मागणीला लॉगिन दिसते, दुसरीला नाही. अशा वेळी सेशने रेडिस (मेमरीत माहिती ठेवणारा वेगवान साठा) किंवा डेटाबेससारख्या सामायिक जागी न्यावी लागतात. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोडच्या एक्सप्रेस या फ्रेमवर्कमध्ये मुळात मिळणारा मेमरीतला साठा तर एका सर्व्हरसाठीही कामाचा नाही. नवा कोड चढवला की सगळे लॉगआउट.

वेग वाढवायला मध्ये कॅश, म्हणजे तयार पानांच्या प्रतींचा साठा, बसवताना विशेष जपा. २५ डिसेंबर २०१५ रोजी स्टीम या खेळांच्या दुकानात कॅशच्या चुकीच्या मांडणीमुळे लोकांना दुसऱ्यांच्या खात्याची पाने दिसली. सुमारे ३४,००० ग्राहकांची माहिती त्यात उघडी पडली. लॉगिननंतरचे कोणतेही पान आणि ‘सेट-कुकी’ असलेले कोणतेही उत्तर कॅशमध्ये साठवले जाता कामा नये.

## लॉगआउट म्हणजे खण रिकामा करणे

लॉगआउटचे बटण दाबल्यावर नुसती कुकी पुसणारे प्रोग्राम अजून सापडतात. बिल्ला टाकून दिला तरी खण भरलेलाच राहतो, आणि कोणी नंबर आधीच टिपला असेल तर तो आत येतो. पीएचपीत तीन कामे करावी लागतात: सेशनचा अ‍ॅरे रिकामा करणे, कुकी मागच्या तारखेने पाठवून पुसणे, आणि सेशन_डिस्ट्रॉय(). पुसताना नाव, पाथ आणि डोमेन अगदी मूळ कुकीसारखेच द्यायचे. पाथ चुकला तर ब्राउझर ती वेगळी कुकी समजतो आणि जुनी तशीच राहते.

लॉगआउटनंतर ‘बॅक’ दाबले तर आधीचे पान दिसते, अशी तक्रार येते. बहुतेक वेळा सेशन खरेच संपलेले असते आणि ब्राउझरने साठवलेले पान दिसत असते. आतल्या पानांवर ‘कॅश-कंट्रोल: नो-स्टोअर’ हेडर लावला की ते थांबते.

पासवर्ड बदलला की त्या माणसाची बाकीची सगळी सेशने मोडली पाहिजेत. जँगो हे आपणहून करते, पीएचपीत तुम्हाला लिहावे लागते. त्यासाठी कोणत्या ग्राहकाची कोणती सेशने चालू आहेत याची नोंद डेटाबेसमध्ये ठेवा. तीच यादी ग्राहकाला दाखवता येते: कोणते उपकरण, शेवटची हालचाल कधी, आणि समोर ‘येथून बाहेर पडा’ हे बटण. गूगल खात्यात आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये अशी यादी आजही आहे. खाते कोणी वापरत असल्याची शंका आली, तर पासवर्ड बदला आणि मग ती यादी उघडून ओळखीचे नसलेले प्रत्येक उपकरण काढून टाका.